कॉलेज बघायला जाताय? मग मंगळवारी जा

मे-जून आला की आमच्या या सदराच्या मेलबॉक्सचं एसटी स्टँड होतं, जो तो बॅग घेऊन कुठंतरी निघालेला. यंदा निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आहेत, पोराला किंवा पोरीला घेऊन कॉलेज बघायला जायचंय, काय बघू, कुणाला भेटू, काय विचारू. आमच्या वेळी असलं काही नव्हतं हो. माझ्या वडिलांनी माझं कॉलेज पहिल्यांदा पाहिलं तेच मुळी माझी ट्रंक पोचवायला आले तेव्हा, अॅडमिशन होऊन पंधरा दिवस झाले होते. पण पुढे मी बावीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलं, आणि दर पावसाळ्यात आमच्या कॉरिडॉरमधनं फिरणारे आईबाप पाहिले, त्यामुळे टेबलाच्या पलीकडनं काय दिसतं ते सांगू शकते. चार पत्रं घेतलीयेत, बाकीच्यांनी त्यात आपापलं शोधा.

ताई नमस्कार. मुलीने बारावीनंतर सीईटी दिली आहे, पर्सेंटाइल चांगले येतील असं ती म्हणते. तिला केमिस्ट्री खूप आवडते पण घरचे, क्लासचे सगळे कॉम्प्युटरच घे म्हणून मागे लागलेत. आम्ही दोघीच मुंबई-पुणे करून कॉलेजं बघून यावं म्हणतोय, ह्यांना दुकान सोडता येत नाही. मी पुण्याच्या पुढे कधी गेलेली नाही. दोन दिवसांत होईल का? आत सोडतात का? आणि खरं सांगायचं तर मी बारावी नापास, मला त्यातलं काय कळणार?
— एक आई, बार्शी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते कारण तोच तुम्हाला सगळ्यात जास्त टोचतोय असं दिसतंय. मुलीच्या कॉलेजात तुम्हाला जे बघायचंय त्यातलं निम्मं बारावीच्या पुस्तकात नव्हतंच. मेसमधली पोळी गार झाल्यावर चामट होते का, बाथरूमच्या कड्या लागतात का, पिण्याच्या पाण्याचा कूलर शेवटचा कधी धुतला असेल, रेक्टर बाई पोरींशी बोलताना आवाज कसा लावतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. माझ्याकडे यायचे ते शिकलेले वडील एचओडीच्या केबिनमध्ये अर्धा तास एनबीए आणि नॅक या कॉलेजांच्या मानांकनांबद्दल बोलत बसायचे आणि होस्टेल न बघता निघून जायचे, मग सप्टेंबरात पोरगी टायफॉइडनं घरी.

दोन दिवसांत होतं. कुर्डुवाडीहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडा, पहाटे दादरला उतरा. वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन चहा घ्या आणि लोकलनं एक स्टेशन, माटुंगा. हे सेंट्रलचं माटुंगा स्टेशन २०१७ पासून पूर्ण महिला कर्मचारी चालवतात, तिकीट खिडकीपासून ते पोलिसांपर्यंत, मुलीला मुद्दाम दाखवा. बाहेर पडलं की इडलीची हॉटेलं आहेतच, तिथं नाश्ता करा, माटुंग्यात येऊन पोहे खाऊ नका.

माटुंगा अशासाठी की दोन मोठी कॉलेजं एकमेकांपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहेत. एक व्हीजेटीआय, १८८७ ची संस्था, पूर्वी व्हिक्टोरिया ज्युबिली होतं, १९९७ मध्ये वीरमाता जिजाबाईंचं नाव दिलं, आद्याक्षरं तीच राहिली त्यामुळे कुणाच्या जिभेला त्रास झाला नाही. दुसरं आयसीटी, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, आणि तुमच्या मुलीसाठी मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा केमिकल टेक्नॉलॉजीचा विभाग म्हणून हे सुरू झालं, जुने लोक अजून यूडीसीटीच म्हणतात, रिक्षा नाही पण टॅक्सीवाल्याला ते नाव जास्त लवकर कळेल. डॉ. रघुनाथ माशेलकर इथलेच. तिथं केमिकल इंजिनिअरिंग तर आहेच पण रंग, पॉलिमर, तेलं, औषधं, फूड, कापडावरची प्रक्रिया अशा वेगवेगळ्या शाखा आहेत, आणि ज्या मुलीला केमिस्ट्री आवडते तिनं "केमिस्ट्री घेऊन काय शाळेत शिकवणार का" हे वाक्य शंभर वेळा ऐकलेलं असतं, तिनं एकदा त्या आवारात जाऊन नुसता वास घेऊन यावा. मी गंमत नाही करत. लॅबच्या बाजूनं जाताना तो सॉल्व्हंटचा वास नाकात गेला की काही पोरं नाक दाबतात आणि काहींचे डोळे लकाकतात. ती कुठल्या गटातली आहे ते तुम्हाला तिथंच कळेल, आणि क्लासच्या सरांना हे कधीच कळणार नाही.

संध्याकाळी सीएसएमटीवरनं डेक्कन क्वीन, रात्री पुण्यात कुणा नातेवाइकाकडे मुक्काम (बार्शीच्या माणसाला पुण्यात नातेवाईक नाही असं होत नाही), दुसऱ्या दिवशी शिवाजीनगरला सीओईपी, म्हणजे पुण्याचं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज. १८५४ ला सुरू झालेलं, विश्वेश्वरय्या जिथं शिकले ते. २०२२ पासून ते स्वतःच एक विद्यापीठ आहे पण अॅडमिशन आपल्या सीईटीवरच. त्यांचा नदीकाठचा बोट क्लब बघाल तर पोरीला तिथनं हलवायला वेळ लागेल, दरवर्षी रेगाटा म्हणजे बोटींचा सोहळा करतात पोरं. दुपारपर्यंत आटपा, संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं परत कुर्डुवाडी. तिकिटं आधी काढा, सिद्धेश्वरला आयत्या वेळी मिळत नाही हे तुम्हाला मी काय सांगायचं.

आत सोडतात का? बहुतेक ठिकाणी गेटवर नाव लिहून, आधार दाखवून सोडतात. वॉचमनला "अॅडमिशनची चौकशी करायचीय" म्हणा. सरकारी कॉलेजात कुणी तुम्हाला हार घालून फिरवणार नाही, तसं खासगी कॉलेजात एक सुटाबुटातला मुलगा चहा देऊन फिरवतो. या दुसऱ्या प्रकारात जरा जपून. माझ्या भावाच्या मुलासाठी आम्ही असंच एक कॉलेज बघायला गेलो होतो, नाव नको, कॉम्प्युटर लॅब म्हणून जी दाखवली ती इतकी चकाचक की मी म्हटलं वा, आणि मग माझ्या भाच्यानं हळूच दाखवलं, कीबोर्डवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. म्हणजे लॅब फक्त बघायला होती. गेटवर प्लेसमेंटचा मोठ्ठा फ्लेक्स, त्यावर एकाच पोराचा फोटो तीन वर्षांपूर्वीचा, उन्हानं निळा पडलेला.

म्हणून वार महत्त्वाचा. शनिवारी जाऊ नका, ओपन डे असेल तर तो वेगळा, पण खरं कॉलेज बघायचं असेल तर मंगळवार-बुधवार दुपारी जा, वरच्या वर्षांची लेक्चर्स सुरू झालेली असताना, म्हणजे साधारण जुलैत. मे महिन्यात परीक्षा नाहीतर सुट्टी, कुत्रं पण भेटत नाही. जुलैत दुपारी दोनला लायब्ररीत जागा आहे का, कॅन्टीनला पोरं गप्पा मारतायत की रडवेली बसलीयत, प्रॅक्टिकलला एका मशीनवर चार जण आहेत का चौदा, हे दिसतं. आणि नोटिस बोर्ड वाचा! कुणी वाचत नाही. डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांची यादी, किती लांब आहे, स्कॉलरशिपच्या नोटिसा लावल्यात की फक्त फी भरण्याच्या, पोरींसाठी तक्रार समितीच्या बायकांची नावं लिहिलीयत का, हे सगळं तिथं फुकट लिहिलेलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पोरीला तासभर एकटी सोडा. तुम्ही झाडाखाली बसा, तिला म्हणा जा फिरून ये, दोन सीनिअर मुलींशी बोल. तुमच्यासमोर कुठलीच सीनिअर खरं सांगणार नाही, काकू दिसली की सगळ्या "हो हो छान आहे कॉलेज" म्हणतात. एकटीला विचारलं की मग कळतं की अमुक सरांच्या विषयात दरवर्षी निम्म्या वर्गाची केटी लागते, सबमिशनच्या आठवड्यात मेस बंद होते, होस्टेल फक्त पहिल्या वर्षाला आहे आणि पुढे कॉट बेसिसवर बाहेर राहायचं. हा होस्टेलचा प्रश्न ऑफिसलाही विचारा, पहिल्या वर्षाला मिळतं का, चारही वर्षं मिळतं का, कशावर मिळतं, मेरिटवर का गावाच्या अंतरावर. पुण्यात कॉटचं भाडं आणि दोन वेळचा डबा धरला तर काही घरांना फीपेक्षा तोच खर्च जड जातो.

फीवरनं आठवलं. २०२४-२५ पासून आपल्या सरकारनं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ केलीय. पण प्रवेश कॅप राउंडमधनं, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतनं, झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातनं घेतला तर नाही. होस्टेल-मेस त्यात धरलेलं नाही. तुम्ही यात बसत असाल तर उत्पन्नाचा दाखला, लागत असेल तर नॉन क्रीमीलेयर, जातीचा दाखला नि व्हॅलिडिटी हे सगळं आत्ताच तहसीलला टाका, जुलैत तिथं लाईन बघून चक्कर येईल.

आणि कॉलेजं बघायची ती ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाची यादी, भरायच्या आधी, नंतर बघून उपयोग नाही. कारण २०२५ च्या प्रवेशापासून कॅपच्या चार फेऱ्या केल्या आणि नियम कडक केला, पहिल्या फेरीत तुमच्या यादीतलं एक नंबरचं कॉलेज मिळालं तर तेच घ्यायचं, पुढच्या फेरीत उभं राहता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनातलं काही मिळालं तर तसंच, तिसरीत पहिल्या सहातलं. यंदाचं माहितीपत्रक उघडून नियम एकदा परत बघून घ्या, दरवर्षी काहीतरी हलवतात, पण मुद्दा असा की वरची सहा नावं ही गंमत म्हणून टाकायची नावं राहिलेली नाहीत. शेजारच्या मुलानं टाकलं म्हणून एक नंबरला कॉम्प्युटर टाकलं आणि ते लागलं, तर केमिस्ट्री तिथंच संपली. सगळी कॉलेजं बघणं कुणालाच जमत नाही, वरची सहा बघा, निदान वरची तीन. तुमच्या यादीत सांगलीचं वालचंद असेल तर तेही, १९४७ चं कॉलेज आहे, विश्रामबागला, आणि बार्शीहून मुंबईपेक्षा जवळ.

कॉम्प्युटर का केमिकल याचं उत्तर मी देणार नाही. माटुंग्याहून परत येताना ट्रेनमध्ये तिला विचारू पण नका. ती आपणहून कशाबद्दल बोलते तेवढं ऐका.

मॅडम, हल्ली प्रत्येक कॉलेजचा कॅम्पस टूर व्हिडिओ असतो, ड्रोनने घेतलेला. घरबसल्या सगळं दिसतं. मग चार ठिकाणी पेट्रोल जाळत का फिरायचं? शिवाय एक काऊन्सेलर भेटलेत, ते म्हणतात मुलाची सीट पुण्यात पक्की करून देतो, फक्त आत्ता टोकन भरा, कॅम्पस व्हिजिटही तेच गाडी करून घडवणार आहेत.
— एक वडील, नाशिक

ड्रोनला छत दिसतं हो, गळतंय का ते नाही दिसत.

पण तुमचं निम्मं बरोबर आहे, घरबसल्या काही गोष्टी खरंच जास्त नीट दिसतात आणि त्या आधी बघूनच निघा. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर तळाला बारीक अक्षरात मँडेटरी डिस्क्लोजर नावाची लिंक असते, एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नियमानं ती ठेवावीच लागते. त्यात शिक्षकांची नावं, त्यांची पात्रता, जागा किती, फी किती असं सगळं असतं. ती नावं कागदावर लिहून घ्या आणि कॉलेजला गेलात की डिपार्टमेंटच्या दारावरच्या पाट्यांशी ताडून बघा. यादीत अठरा प्राध्यापक आणि दारावर सहा पाट्या असतील तर बाकीचे बारा कुठं असतात ते नम्रपणे विचारा. खासगी कॉलेजची फी ठरवायला राज्यात फी नियामक प्राधिकरण आहे, त्यांच्या साइटवर कॉलेजनिहाय मंजूर फी बघता येते, काऊंटरवर सांगितलेला आकडा त्याच्याशी जुळतो का बघा. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या साइटवर फुकट आहेत. यासाठी कुणालाही एक रुपया द्यायचा नाही.

टोकन अजिबात भरू नका. कॅपमधली सीट कुणीही पक्की करून देऊ शकत नाही, ती कॉम्प्युटर लावतो, मेरिट आणि ऑप्शन बघून. आणि फीच्या वर जे मागतात त्याला डोनेशन म्हणा, डेव्हलपमेंट म्हणा, टोकन म्हणा, कायद्याच्या भाषेत ते कॅपिटेशन फी आहे आणि आपल्या राज्यात १९८७ पासून त्याला बंदी आहे. कोट्यातल्या जागा असतात, त्या त्या संस्थेत स्वतः जाऊन, जाहिरात बघून, अर्ज करून, पावती घेऊन घ्यायच्या असतात. गाडी करून नेणाऱ्याबरोबर तर कॉलेज बघायला जाऊच नका, तो तुम्हाला त्याला जिथं कमिशन आहे तेवढीच गेटं दाखवणार. पेट्रोलचं म्हणाल तर नाशिक-पुणे शिवशाहीनं जा, मुलगा बाप शेजारी बसून पाच-सहा तास जातायत, बारावीच्या वर्षात एवढा वेळ एकत्र मिळाला होता का?

ताई, मी स्वतः बारावी झालोय. मला फिजिक्समध्ये बीएस्सी करायचंय, बाबांना इंजिनिअरिंग. शेवटी असं ठरलं की पुण्याला जाऊन दोन्ही प्रकार बघायचे. प्रॉब्लेम असा आहे की बाबा बरोबर असले की मला लाज वाटते. ते सगळ्यांना सगळं विचारतात, वॉचमनला पण पॅकेज विचारतात. मागे एका ठिकाणी त्यांनी प्रिन्सिपलना सांगितलं की हा पहाटे उठत नाही. मी काय करू?
— ह., कोल्हापूर

आधी हसून घेतलं, माफ कर.

बाबांना काम दे. खरंच. बाप माणूस रिकामा असला की पॅकेज विचारतो. त्यांना म्हण बाबा तुम्ही फी, होस्टेल, मेस आणि स्कॉलरशिप हे चार विषय बघा, मी शिक्षण बघतो, जेवायला एक वाजता कॅन्टीनला भेटू. वाटणी गाडीत बसायच्या आधी कर, गेटवर केलीस तर भांडण होईल. वॉचमनला पॅकेज विचारायचं मात्र मला वाटतं त्यांनी चालू ठेवावं, वॉचमन लोक जेवढं खरं सांगतात तेवढं टीपीओ, म्हणजे प्लेसमेंट बघणारे साहेब, सांगत नाहीत.

आता तुझ्या कामाचं. पुण्यात विद्यापीठ बघायला जाशील, गणेशखिंडीला, ४११ एकरांचं आवार आहे, मुख्य इमारत म्हणजे इंग्रजांच्या काळातला गव्हर्नरचा बंगला, भली मोठी वडाची झाडं, पोरं हरखून जातात आणि घरी येऊन म्हणतात मला इथंच शिकायचं. तर तिथं मुख्यतः एमएस्सी आणि पुढचं शिक्षण चालतं. बीएस्सी करायची ती फर्ग्युसन, एसपी, मॉडर्न अशा कॉलेजांत, त्यामुळे बीएस्सीसाठी कॉलेज बघ, विद्यापीठ बघ ते पुढच्या ओढीसाठी. दरवर्षी कुणीतरी या घोळात सापडतं म्हणून सांगितलं. कॉलेजांचे बीएस्सीचे अर्ज इंजिनिअरिंगच्या कॅपच्या आधीच सुरू होऊन संपतात, तेही लक्षात ठेव, नाहीतर बाबा कॅपची वाट बघत बसतील आणि इकडचं दार बंद होईल. दोन्हीकडे अर्ज भर, एकीकडे भरला म्हणजे दुसरीकडचा हक्क जात नाही.

फर्ग्युसन १८८५ चं, ते बघून झालं की मागच्या टेकडीवर चढ, बाबांनाही ने, संध्याकाळी निम्मं कॉलेज तिथंच असतं. आणि विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे तिथं जा. जयंत नारळीकर सरांनी उभी केलेली संस्था, इमारत चार्ल्स कोरिया यांची. मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन असे चौघांचे पुतळे आहेत, कुठल्याही चबुतऱ्यावर न चढवता, आपल्यातच येऊन बसल्यासारखे. रोज सगळीकडे फिरू देत नाहीत, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला मात्र सगळ्यांना खुलं असतं, गर्दी जत्रेसारखी. पुढच्या वर्षी जा. बाबांना तिथं कुणा पीएचडीच्या पोराशी बोलू दे, म्हणजे फिजिक्सवाले करतात काय आणि खातात काय ते त्यांना त्याच्याच तोंडून कळेल, तुझ्या तोंडून ते भाषण वाटतं.

आणि एक, कोल्हापूरला तुझ्या दारात शिवाजी विद्यापीठ आहे, १९६२ चं, सागरमाळावर, आकारानं पुण्याच्या दुप्पट. ते कधी आत जाऊन पाहिलंयस का, का फक्त पुतळ्यासमोर सेल्फी काढलास? घराजवळचं कॉलेज बघायला कुणी जात नाही, ते आपल्याला माहितीच आहे असं वाटतं. पुण्याला जायच्या आधी एक दिवस तिथल्या फिजिक्स डिपार्टमेंटला जाऊन ये म्हणजे पुण्यात तुलना करायला हाताशी काहीतरी असेल.

रॅगिंगचं तू विचारलं नाहीस पण आई विचारत असेल. २००९ पासून यूजीसीचे नियम आहेत, प्रवेशावेळी मुलाकडून आणि पालकाकडून प्रतिज्ञापत्र भरून घेतात, चोवीस तास हेल्पलाइन आहे १८००-१८०-५५२२. नंबर मोबाइलमध्ये टाकून ठेव. होस्टेलच्या भिंतीवर तो नंबर लावलाय का ते पण बघून ये, हे काम बाबांना द्यायला हरकत नाही.

पहाटे उठत जा की रे जरा.

नमस्कार ताई, आम्ही एडिसन, न्यू जर्सीला असतो, अंक आईकडून व्हॉट्सअॅपवर येतो. मुलगा अकरावीत म्हणजे इथला ज्युनिअर आहे. स्प्रिंग ब्रेकमध्ये दोन-तीन कॅम्पस टूर केल्या. तो टूरवर आमच्यापासून दहा पावलं पुढे चालतो, आम्ही प्रश्न विचारला की मान खाली घालतो, आणि गाडीत बसल्यावर "कसं वाटलं?" विचारलं की "फाइन". आम्ही दोघंही भारतात शिकलो, आम्हाला या टूरमध्ये नक्की काय बघायचं तेच कळत नाही. आता उन्हाळ्यात अजून जायचंय.
— एक आई, एडिसन

बहिणीकडे गेले होते तेव्हा भाचीबरोबर मी तुमच्या न्यू जर्सीच्या रटगर्स युनिव्हर्सिटीची टूर केलीय, त्यामुळे थोडं डोळ्यानं पाहिलंय. आपल्याकडे वॉचमनला पटवून आत शिरावं लागतं आणि तिथं एक हसरी पोरगी आपल्याकडे तोंड करून उलटी चालत सगळं सांगते, मला तर सारखी धास्ती की ही आता पायरीवरनं पडणार. छान बोलली पण पाठ केलेलं होतं, आणि ते तिचं कामच आहे. त्यामुळे टूर हा ट्रेलर समजा, टूर संपल्यावर लगेच गाडी काढू नका.

रटगर्स १७६६ पासूनचं, न्यू ब्रन्सविक आणि पिस्कॅटवे मिळून पाच तुकड्यांत पसरलंय, कॉलेज अॅव्हेन्यू, बुश, लिव्हिंग्स्टन, कुक, डग्लस, आणि पोरं दिवसभर बसनं इकडून तिकडं जात असतात. टूरमध्ये सगळं हिरवंगार दिसतं पण भाचीचं पुढचं आयुष्य त्या बसमध्ये गेलं. म्हणून मुलाला म्हणा टूर झाल्यावर बसमध्ये बसून एका कॅम्पसहून दुसऱ्यावर जाऊन ये, आम्ही इथं कॉफी पितो. दहा पावलं पुढे चालणारा पोरगा दोन मैल पुढे आनंदानं जाईल. तुम्हाला एडिसनहून ते पंधरा-वीस मिनिटांवर, म्हणून तो "बघितलंय मला" म्हणेल, आपल्या कोल्हापूरच्या ह. सारखंच. इन-स्टेट फीचा, म्हणजे त्याच राज्यातल्या मुलांना लागणाऱ्या कमी फीचा, फरक मोठा असतो त्यामुळे घरचं म्हणून हलकं धरू नका. बाकी कॉलेजांच्या फीचा आकडा बघून घाबरायच्या आधी प्रत्येकाच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर आहे त्यात आपले आकडे घाला, तिथल्या केंद्र सरकारचा नियम आहे की तो ठेवलाच पाहिजे. हे तुमचं दोघांचं काम, यात मुलाला लाज वाटायचा प्रश्न नाही कारण तो बघणारच नाही.

"कसं वाटलं" हा प्रश्नच बंद करा. आपणही लहानपणी लग्नाहून आल्यावर "कसं झालं लग्न" याला "बरं झालं" एवढंच सांगायचो. त्याऐवजी काहीतरी बारीक विचारा, डायनिंग हॉलमध्ये एकटं जेवणारं कुणी होतं का, भिंतीवर कसली पोस्टर्स होती, गाइडनं कुठला प्रश्न टाळला. नाहीतर काहीच विचारू नका, गाडीत गाणी लावा, अर्ध्या तासानं तोच बोलेल.

एक गोष्ट आपल्या लोकांना जड जाते ती आधीच सांगते. कॉलेजात गेल्यावर तिथल्या कायद्यानं त्याचे मार्क, त्याचं रेकॉर्ड हे त्याचं असतं, तुम्ही फी भरत असलात तरी फोन करून "माझ्या मुलाचे मार्क सांगा" म्हणता येत नाही. आपल्याकडे अजून पालक मीटिंगला थर्ड इयरच्या पोराच्या बापाला बोलावतात (मी स्वतः बोलावलंय, दाढीवाली पोरं बापाशेजारी मान खाली घालून उभी, आता आठवलं की कसंतरी होतं). टूरवर तो तुमच्यापुढे चालतोय तेव्हा तो त्याची प्रॅक्टिस करतोय असं धरा. प्रश्न त्यालाच विचारू द्या, नाही विचारले तर राहू द्या, ईमेल करून पण विचारता येतात.

प्रिन्स्टन बघायला जाणार असाल, तिथल्या नॅसॉ स्ट्रीटवर मोठं लोखंडी गेट आहे, फिट्झरँडॉल्फ गेट. पोरांची समजूत अशी की शिकत असताना त्याच्या मधल्या दारातनं बाहेर पडलं तर डिग्री मिळत नाही, म्हणून सगळे बाजूच्या दारांनी जातात. तुमचा मुलगा अजून कुठंच लागलेला नाही, त्याला ही भीती असायचं कारण नाही, पण तो ती पाळणार बघा. तुम्ही दोघं खुशाल मधनं बाहेर पडा, तो बाजूनं येईल, समोर रस्त्यावर आइस्क्रीमच्या दुकानापाशी भेटालच.